थुंकीच्या रिपोर्टात 'कर्करोगाच्या पेशी नाहीत' असं आलं, मग दुर्बीण कशाला?

मयेची_लेक

नमस्कार मंडळी. बाबा ६७ वर्षांचे आहेत. खाणी चालू होत्या तोवर डिचोली-पिसुर्ले भागात ट्रक चालवायचे, २०१२ ला खाणी बंद पडल्या आणि ते घरी बसले. विडी होती, ती सोडून बरीच वर्षं झाली. चतुर्थीच्या आधीपासून खोकला आहे. पावसाचा असेल म्हणून काढे झाले, गोळ्या झाल्या. मग एका सकाळी बेडक्यात रक्ताची रेघ दिसली. आरोग्य केंद्रातून एक्स-रे काढला तर उजवीकडे वरच्या भागात डाग. टीबीची तपासणी निगेटिव्ह आली. नंतर थुंकी पेशी तपासायला दिली. त्या रिपोर्टात एवढंच लिहिलंय: चपट्या पेशी भरपूर, थोड्या दाहाच्या पेशी, जिवाणू, कर्करोगाच्या पेशी दिसल्या नाहीत, पुन्हा नमुना पाठवावा.

डॉक्टर म्हणतात, सीटी काढा आणि दुर्बिणीने आतून तपासू. बाबा म्हणतात, कागदावर "नाहीत" असं स्पष्ट लिहिलंय, मग माझ्या नाकातून नळी कशाला घालता? घरात रोज हाच वाद. मला समजून घ्यायचंय की काचेवर ठेवून नक्की काय बघतात, आणि "दिसल्या नाहीत" यावर किती विसंबायचं. कुणी या क्षेत्रातलं असेल तर कृपया लिहा.

साखळी_बाजार

ताई, आधी सीटी काढून घ्या. रक्त दिसलंय ना, मग वाद नंतर. बाबांना लवकर बरं वाटो.

काचपट्टी

मी फोंड्यात राहतो. निवृत्त लॅब टेक्निशियन आहे, आयुष्य स्लाइड रंगवण्यात गेलं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ताई, तुमच्या रिपोर्टातला सगळ्यात महत्त्वाचा भाग म्हणजे जे त्यात लिहिलेलं नाही ते. फुफ्फुसाच्या वायुकोशांत मॅक्रोफेज नावाच्या मोठ्या पेशी असतात. श्वासातून येणारी धूळ, काजळी, जंतू गिळून टाकणं हे त्यांचं काम. थुंकीच्या काचेवर या पेशी दिसल्या तरच नमुना छातीच्या खोलातून आलाय असं धरतात. त्या नसतील आणि नुसत्या चपट्या पेशी असतील तर ती तोंडाची लाळ आहे. तोंडाच्या अस्तरातून त्या सतत गळत असतात, आणि जिवाणूही तिथलेच. तुमच्या रिपोर्टात मॅक्रोफेजचा उल्लेख नाही आणि "पुन्हा नमुना पाठवावा" लिहिलंय. बाबांच्या फुफ्फुसातलं काहीच त्या काचेपर्यंत पोचलं नसावं, असा मी त्याचा अर्थ लावतो.

नमुना कसा द्यायचा हे आमच्याकडे कुणी नीट सांगत नाही, याचं मला नेहमी वाईट वाटायचं. हातात डबी द्यायची आणि "थुंकी आणा" म्हणायचं, बस. खरं तर सकाळी उठल्या उठल्या, काही खाण्याआधी, साध्या पाण्याने चूळ भरायची. मग दोन-चार खोल श्वास घेऊन पोटातून जोर लावून खोकायचं आणि जे येईल ते डबीत घ्यायचं. घसा खाकरून आलेलं किंवा नाकातून ओढलेलं नको. असं लागोपाठ तीन सकाळी करतात, कारण गाठीवरून पेशी रोज सुटतातच असं नाही. कफ येतच नसेल तर खारट पाण्याची वाफ देऊनही काढता येतो.

लॅबमध्ये आम्ही आधी डबी काळ्या पृष्ठभागावर धरून न्याहाळायचो. रक्ताची रेघ, पांढरट कण, घट्ट तुकडे असतील ते उचलून काचेवर पसरायचे आणि ओली असतानाच काच ९५ टक्के अल्कोहोलमध्ये बुडवायची. ती वाळली तर केंद्रकाचे बारकावे जातात आणि पुढे डॉक्टर कितीही हुशार असला तरी उपयोग होत नाही. त्यानंतर पापानिकोलाउ रंग. केंद्रक निळं-जांभळं होतं, पेशीचा बाकीचा भाग हिरवट-निळा किंवा गुलाबी, आणि ज्या पेशींत केराटिन तयार झालंय त्या झगझगीत नारिंगी. फुफ्फुसाच्या एका प्रकारच्या कर्करोगात वेडीवाकडी, शेपटी फुटल्यासारखी नारिंगी पेशी आणि तिच्यात काळंभोर केंद्रक दिसतं. ती एकदा पाहिली की विसरत नाही.

पेडणेकर

सगळ्यांना नमस्कार. माझं मत थोडं वेगळं आहे. माझ्या मामाला असंच सांगितलं होतं. एक्स-रेत डाग, थुंकी निगेटिव्ह, तरी सीटी, दुर्बीण, सुई, सगळं करायला लावलं. शेवटी निघाली जुन्या टीबीची खूण. पैसे गेले आणि मामा महिनाभर झोपला नाही. तपासणी निगेटिव्ह आली की थांबायला शिकलं पाहिजे. एका तपासणीवर विश्वास नसेल तर ती करतात कशाला?

म्हापशाची_सून

@काचपट्टी काका, तुम्ही लिहिलंय तसं आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. सासूबाईंनी डबी रात्रभर फ्रिजमध्ये सोलकढीच्या भांड्याशेजारी ठेवली होती. सकाळी मोठे दीर कढी ओतायला गेले आणि घरात जो आरडाओरडा झाला, तो शेजारच्या वाड्यापर्यंत ऐकू गेला. :))

काचपट्टी

@म्हापशाची_सून, हसलो खूप. पण सासूबाईंचं एक बरोबर होतं. डबी लगेच लॅबला पोचत नसेल तर थंड जागी ठेवलेली चांगली. आपल्या हवेत बाहेर राहिली तर पेशी कुजतात. फक्त डबीला आणखी एक बंद पिशवी हवी, आणि कढीपासून लांब.

पेशीवाचक

मी पॅथॉलॉजिस्ट आहे, पेशींची तपासणी हेच रोजचं काम. इथे कुणाचं निदान करणार नाही, बाबांना पाहणारे डॉक्टर समोर आहेत आणि त्यांचा सल्ला मला योग्य वाटतो. पेडणेकरांचा प्रश्न मात्र रास्त आहे.

थुंकीची तपासणी करायची, कारण ती सोपी आहे, स्वस्त आहे, रुग्णाला दुखत नाही, आणि कर्करोगाच्या पेशी सापडल्याच तर त्या उत्तरावर बऱ्यापैकी भरवसा ठेवता येतो. "सापडल्या" आणि "सापडल्या नाहीत" या दोन उत्तरांचं वजन सारखं नसतं, सगळा घोळ इथेच होतो. मोठ्या श्वासनळीत गाठ असेल तर तिच्यावरून पेशी सुटून कफात येण्याची शक्यता चांगली. गाठ फुफ्फुसाच्या कडेला, बारीक नळ्यांच्या पलीकडे असेल तर तिथल्या पेशी बाहेर यायला वाटच नसते. अशा रुग्णाचे दहा नमुने निगेटिव्ह आले तरी मला नवल वाटणार नाही.

हे तपासून पाहिलं गेलंय. १९७० च्या दशकात अमेरिकेत तीन मोठ्या संस्थांमध्ये, जॉन्स हॉपकिन्स, मेयो क्लिनिक आणि न्यूयॉर्कचं मेमोरियल स्लोन केटरिंग, धूम्रपान करणाऱ्या हजारो पुरुषांवर थुंकीच्या चाचणीचे प्रयोग झाले. लक्षणं नसताना ठरावीक काळाने थुंकी तपासत राहिलं तर मृत्यू कमी होतील अशी आशा होती. तसं झालं नाही. २०११ मध्ये मात्र कमी किरणोत्साराच्या सीटीने जास्त सिगारेट ओढणाऱ्यांमधले फुफ्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू साध्या एक्स-रेच्या तुलनेत सुमारे २० टक्क्यांनी कमी झाल्याचं दिसलं. म्हणून आज कुणीही थुंकीच्या निगेटिव्ह रिपोर्टवर फुफ्फुसाला मोकळं सोडत नाही. त्यातून वय चाळिशीच्या पुढे, विडीचा इतिहास, कफात रक्त आणि एक्स-रेत डाग, एवढं एकत्र असेल तर नाहीच.

रिपोर्टच्या भाषेबद्दलही सांगतो. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नावाने फुफ्फुसाच्या पेशी-तपासणीसाठी पाच गट ठरवले गेले. नमुना अपुरा, साधा, म्हणजे कर्करोग नसलेला, थोडा वेगळा वाटणारा, संशयास्पद, आणि कर्करोगाचा. यातला पहिला आणि दुसरा गट वेगळे का ठेवलेत, ते मयेच्या ताईंच्या रिपोर्टावरून कळतं. नुसती लाळ असलेल्या काचेवर "कर्करोगाच्या पेशी दिसल्या नाहीत" हे वाक्य खोटं नाही, पण वाचणाऱ्याला ते दिलासा देतं आणि तसा दिलासा देण्याचा हक्क त्या काचेला नसतो. मी स्वतः अशा वेळी पहिल्या ओळीतच "नमुना अपुरा" लिहितो. सगळ्यांनी तसं लिहावं असं मला मनापासून वाटतं.

वास्को_बंदर

टीबीची तपासणी निगेटिव्ह आली म्हणजे कुठली? थुंकी काचेवर बघितली की मशीनवर? दोन्हींत फरक असतो असं ऐकलंय. आमच्याकडे वास्कोत कोळशाच्या धुळीने अर्धं गाव खोकतं, त्यामुळे हे प्रश्न घरोघरी असतात.

मयेची_लेक

मशीनवरची. ट्रूनॅट असं लिहिलंय.

पेशीवाचक

@वास्को_बंदर, फरक आहेच. काचेवर झील-नील्सन रंगाने टीबीचे जंतू लाल काड्यांसारखे दिसतात, पण साधारण मिलिलिटरला पाच-दहा हजार जंतू असतील तेव्हाच नजरेला पडतात. यंत्रावर जंतूचा जनुकीय अंश वाढवून ओळखतात, त्यामुळे त्याहून पुष्कळ कमी जंतू असले तरी सापडतात, आणि रिफॅम्पिसिन औषध लागू पडेल की नाही तेही तपासता येतं. ट्रूनॅट आपल्याच वेर्ण्याच्या मोलबायो कंपनीचं आहे, २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याला मान्यता दिली. हे सांगताना मला गोंयकार म्हणून आनंद होतो.

पण लाळ ती लाळच. नमुना वरवरचा असेल तर यंत्रालाही खोलातले जंतू मिळणार नाहीत. त्यामुळे ताई, टीबीचा प्रश्नही अजून पूर्ण मिटलाय असं समजू नका. दुर्बिणीतून फुफ्फुसात सोडून परत ओढून घेतलेलं पाणी टीबीसाठीही तपासतात.

वाळपई_रान

आमच्या सत्तरीत खाणीच्या रस्त्यावरची धूळ लहानपणापासून खाल्लीय. पावसाळा संपला की झाडांची पानं तांबडी. पेशींच्या तपासणीत ती धूळ दिसते का? तसा पुरावा मिळाला तर कंपन्यांना धरता येईल.

काचपट्टी

@वाळपई_रान, दिसते. मॅक्रोफेज पेशीच्या पोटात काळे-करडे कण भरलेले मी शेकडो वेळा पाहिलेत. ट्रकवाले, गॅरेजवाले, विडी ओढणारे, आणि ज्यांनी आयुष्यभर चुलीपुढे फुंकणीने जाळ केला त्या बायका. एकदा एका वृद्ध बाईंच्या स्लाइडवर एवढी काजळी होती की डॉक्टरांनी विचारलं, किती सिगारेट ओढतात? त्यांनी सिगारेट कधी हातात धरली नव्हती. काजूच्या भट्टीवर हुर्राक आणि फेणी गाळण्यात जन्म गेला होता.

धुळीवरून एक आठवलं. अमेरिकेत कोलोराडोमध्ये जीनो सॅकोमानो नावाचे पॅथॉलॉजिस्ट होते. युरेनियमच्या खाणीतल्या कामगारांची थुंकी ते वर्षानुवर्षं तपासत राहिले. साध्या पेशी हळूहळू कशा बिघडत जातात आणि शेवटी कर्करोगापर्यंत कशा पोचतात, हे त्यांनी एकाच माणसाच्या वेगवेगळ्या वर्षांच्या स्लाइडवरून दाखवलं. कामगार लांबच्या खाणीत आणि लॅब गावात, म्हणून ५० टक्के अल्कोहोलमध्ये कार्बोवॅक्स नावाचा मेणासारखा पदार्थ मिसळून थुंकी टिकवायचं द्रावण त्यांनी काढलं. ते त्यांच्या नावाने आजही ओळखलं जातं. आपल्याकडे खाणी जोरात होत्या तेव्हा इथल्या कामगारांसाठी कुणी इतक्या चिकाटीने थुंकी गोळा करत बसलं असतं तर किती बरं झालं असतं, हा विचार मला अजून सोडत नाही.

पेशीवाचक

काचपट्टी काकांशी सहमत, पण वाळपईच्या मित्राला एक सावधगिरी सांगतो. पेशीत धूळ दिसणं म्हणजे आजार नव्हे. शहरात राहणाऱ्या निरोगी माणसाच्या मॅक्रोफेजमध्येही काळे कण असतात. सिलिकोसिससारखा धुळीचा आजार ठरवायचा तर कुठल्या कामावर किती वर्षं काढली याचा तपशील आणि एक्स-रे किंवा सीटी, यांवर ठरतो. थुंकीवर नाही. आणि कोलोराडोच्या खाणीत मुख्य घात रेडॉन वायूने केला, आपली लोखंडाची खाण वेगळी.

लोखंडाचा मात्र एक पेच आहे. फुफ्फुसात जुना रक्तस्राव झाला की मॅक्रोफेज ते रक्त गिळतात, त्यातलं लोह पेशीत साठतं आणि पर्ल्सच्या रंगाने गडद निळं दिसतं. पण वेल्डिंगच्या धुरातून किंवा खनिजाच्या धुळीतून आलेलं लोहही पेशीत बसू शकतं. समोरचा माणूस खाणीवर होता हे फॉर्मवर लिहिलंच नसेल तर बघणारा फसू शकतो. फॉर्मवर बहुतेकदा फक्त नाव, वय आणि "खोकला" असतं. मयेच्या ताई, बाबांचं काम, विडी, घरातली चूल, पूर्वीचा टीबी, सगळं डॉक्टरांना सांगून फॉर्मवर लिहून घ्या.

पेडणेकर

ठीक, थुंकीचं पटलं. पण मग माझा उलटा प्रश्न. सीटीत सगळं दिसतं तर सरळ सीटी काढून उपचार सुरू करा. मध्ये हे पेशींचं पुराण कशाला?

नावेली_मडगाव

@पेडणेकर, याचं उत्तर मी देते, कारण आमच्या घरात हे घडलंय.

आईने कधी तंबाखूला हात लावला नाही. दम लागायला लागला, छातीत पाणी निघालं. पहिल्यांदा सुईने थोडंसंच पाणी काढून पाठवलं. रिपोर्ट आला, दाहाच्या पेशी, कर्करोग नाही. टीबी असेल म्हणून औषध सुरू करायचं घाटत होतं. दुसऱ्या एका डॉक्टरांनी थांबवलं आणि पुन्हा भरपूर पाणी काढून पाठवलं. त्यात गाठीच्या पेशी सापडल्या. उरलेल्या पाण्यातल्या पेशी एकत्र दाबून मेणात बसवून त्याचा ठोकळा केला, त्याला सेल ब्लॉक म्हणतात. त्या ठोकळ्याचे काप काढून ही फुफ्फुसाची अ‍ॅडिनोकार्सिनोमा (कर्करोगाचा एक प्रकार) आहे हे ठरवलं, आणि त्याच कापांवर जनुकाची तपासणी झाली. ईजीएफआर नावाच्या जनुकात बदल सापडला. त्यावर गोळी असते. केमोऐवजी आईला गोळी सुरू झाली आणि पुढची दोन चतुर्थ्या तिने स्वतः माटोळी बांधली.

सीटीवर फक्त पाणी आणि एक सावली दिसत होती. त्या सावलीला काय म्हणायचं ते पेशींनी सांगितलं. तेव्हापासून मी कुणालाही सांगते, पाणी काढताय तर किती काढताय आणि सेल ब्लॉक करणार का, हे दोन प्रश्न विचारा.

पेशीवाचक

नावेलीच्या ताईंनी माझं काम सोपं केलं. छातीतलं पाणी ५० मिलिलिटरपेक्षा जास्त असावं असं आम्ही सांगतो, जास्त असेल तर उत्तमच.

पेडणेकर, सीटीवर एकसारखाच दिसणारा डाग टीबीचा असू शकतो, बुरशीचा, कर्करोगाचा किंवा जुन्या व्रणाचा. आणि कर्करोग म्हटला तरी एक नसतो. स्मॉल सेल प्रकारात पेशी लहान, एकमेकींना चिकटून दबलेल्या, केंद्रकातलं द्रव्य बारीक रव्यासारखं पसरलेलं. तो फार लवकर पसरतो, त्याचं औषध वेगळं आणि शस्त्रक्रियेचा फायदा क्वचितच. अ‍ॅडिनोकार्सिनोमात पेशींचे गोलसर पुंजके, आत चिकट द्रव्याचे फुगे. तिथे पेशीतल्या टीटीएफ-१ नावाच्या प्रथिनाची खूण तपासतात. चपट्या पेशींच्या प्रकारात पी४० ही खूण. अंदाजाने उपचार सुरू केले तर एकाचं औषध दुसऱ्याला दिल्यासारखं होईल.

तुमच्या मामांचं मी परत वाचलं. जुन्या टीबीची खूण आहे हे कळलं, म्हणजे त्यांना नको ती केमो मिळाली नाही आणि टीबीची औषधंही फुकट खावी लागली नाहीत. ते उत्तर मिळायला त्रास झाला हे खरं. पण उत्तर मिळालं.

पेडणेकर

हे असं मी कधी पाहिलं नव्हतं. मामाला वाचायला देतो. पैशांचं मात्र माझं म्हणणं कायम आहे, गरीब माणूस पहिल्या सीटीलाच मोडतो.

साखळी_बाजार

पैशांसाठी बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजात जा, तिथे सरकारी दरात होतं. दीनदयाळ स्वास्थ्य कार्ड असेल तर त्याची मुदत आधी तपासा. आमचं कार्ड नूतनीकरण राहिलं होतं, ऐनवेळी धावाधाव झाली.

आल्तिन्हो

थोडं विषयांतर करतो, चालेल ना? दुर्बिणीला सगळे फक्त कर्करोगाशी जोडतायत. माझ्या मावशीला पणजीत फ्लॅटमध्ये राहताना कोरडा खोकला आणि चढताना दम लागायचा. दम्याची फवारणी चालू होती, फरक नाही. दुर्बिणीतून फुफ्फुसात सलाइन सोडून परत ओढून घेतलं आणि त्या पाण्यातल्या पेशी मोजल्या. लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी निम्म्याहून जास्त निघाल्या. मग डॉक्टरांनी घरी काय काय आहे विचारलं. स्वयंपाकघराच्या जाळीबाहेर कबुतरांची वस्ती आणि न्हाणीघराच्या भिंतीला पावसाळ्यातली बुरशी! जाळी बदलली, भिंत खरवडून घेतली, काही काळ स्टिरॉइड घेतलं. आता आल्तिन्होची चढण बोलत बोलत चढते.

पेशीवाचक

@आल्तिन्हो, हे विषयांतर मुळीच नाही. पेशी मोजणं हा आमच्या कामाचा मला सगळ्यात आवडणारा भाग आहे.

धूम्रपान न करणाऱ्या निरोगी माणसाच्या या पाण्यात ८५ टक्क्यांच्या आसपास किंवा जास्त मॅक्रोफेज असतात, १०-१५ टक्के लिम्फोसाइट, आणि दुसऱ्या पांढऱ्या पेशींपैकी न्यूट्रोफिल ३ टक्क्यांपर्यंत आणि इओसिनोफिल जेमतेम १ टक्का. हे गणित बिघडलं की ते कुठल्या दिशेने बिघडलं त्यावरून पुढचा विचार होतो. पक्ष्यांच्या विष्ठेची किंवा बुरशीची अ‍ॅलर्जी आणि सारकॉइडोसिस (अवयवांत दाहाच्या बारीक गाठी होण्याचा आजार) यांत लिम्फोसाइट वाढतात. इओसिनोफिल २५ टक्क्यांवर गेले तर इओसिनोफिलिक न्यूमोनिया. ओढलेलं पाणी नमुन्यागणिक जास्त जास्त लाल येत गेलं तर वायुकोशांत रक्तस्राव. दुधासारखं पांढरं आलं तर प्रोटीन साठण्याचा एक दुर्मिळ आजार, ज्यात अख्खं फुफ्फुस धुऊन काढणं हा मुख्य उपचार असतो. आणि प्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णात चांदीच्या रंगाने न्यूमोसिस्टिस या बुरशीच्या काळ्या वाट्या दिसल्या की त्याच दिवशी नेमकं औषध सुरू होतं.

हे आकडे एकटे निदान करत नाहीत, सीटी आणि माणसाची हकीकत सोबत लागते. मावशींच्या डॉक्टरांनी कबुतरांबद्दल विचारलं, तिथे खरं निदान झालं.

काचपट्टी

दम्याचा विषय निघालाच आहे तर राहवत नाही. दमेकऱ्याच्या थुंकीत कधी कधी कुर्शमान सर्पिल दिसतात, श्लेष्माची पीळ घातलेली दोरी. बारीक श्वासनळीचा साचाच तो. सोबत शार्को-लायडन स्फटिक, दोन्ही टोकांना निमुळते. रात्रीच्या पाळीत अशी काच हाती आली की मी पुन्हा पुन्हा फोकस फिरवत बसायचो. माणूस श्वासासाठी किती झगडलाय ते त्यात दिसायचं.

नव्या मुलांना मी हेही सांगायचो की १८६० च्या सुमाराला लंडनच्या लायोनेल बील यांनी रुग्णाच्या थुंकीतल्या कर्करोगाच्या पेशींची चित्रं काढून छापली होती. पापानिकोलाउ यांच्या कितीतरी आधी, आणि तो रंगही नसताना.

मयेची_लेक

तुम्हा सगळ्यांचे आभार कसे मानू कळत नाही. देव बरें करूं.

काचपट्टी काकांचं लिखाण मी बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. आरोग्य केंद्रातून लॅबला फोन करून विचारलं, तर त्यांनीही सांगितलं, नमुन्यात लाळच होती. ते ऐकून बाबा गप्प बसले आणि मग म्हणाले, मग सीटी काढूया. काढला. वरच्या भागात गाठीसारखं आहे आणि मधल्या भागातल्या काही ग्रंथी मोठ्या दिसतायत. आता दुर्बिणीबरोबर ईबस करायचं म्हणतात. दोन गोष्टी विचारायच्या आहेत. बाबांना रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, ती बंद करू का? आणि ईबस म्हणजे पोट फाडण्यासारखं काही आहे का? हा त्यांचा प्रश्न आहे, माझा नाही.

पेशीवाचक

गोळी स्वतःहून बंद करू नका. कुठली गोळी आणि कशासाठी, हे दुर्बीण करणाऱ्या डॉक्टरांना आधी सांगा. काही गोळ्या चालू ठेवून करता येतं, काही ठरावीक दिवस आधी थांबवाव्या लागतात, आणि हृदयात स्टेंट असेल तर हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाहीच.

बाबांना सांगा, कुठेही चिरत नाहीत. दुर्बिणीच्या टोकाला छोटी सोनोग्राफी असते, श्वासनळीच्या भिंतीपलीकडची ग्रंथी पडद्यावर बघत आतूनच बारीक सुईने पेशी घेतात. घसा बधिर करतात, गुंगीचं औषध देतात. आदल्या रात्रीनंतर किंवा सांगतील तेवढे तास उपाशी राहायचं, आणि नंतर घसा पूर्ववत होईपर्यंत पाणीसुद्धा प्यायचं नाही. एक-दोन दिवस घसा बसेल, कफात थोडं रक्त दिसेल. खूप रक्त, ताप किंवा दम वाढला तर लगेच परत जायचं.

सोय असेल तिथे पेशी-तज्ज्ञ त्याच खोलीत बसून पहिली काच झटपट रंगवून बघतात आणि पुरेशा पेशी आल्या की नाही ते तिथल्या तिथे सांगतात. नसतील तर सुई पुन्हा घालता येते, माणसाला दुसऱ्या दिवशी परत बोलवावं लागत नाही. ही सोय आहे का, आणि सेल ब्लॉक ठेवणार का, एवढं नक्की विचारा. गाठ टीबीची निघाली तरी त्याच पेशींतून कळू शकतं.

नावेली_मडगाव

ताई, सोबत कुणीतरी दुसरं माणूस न्या. आपण एकटे असलो की डॉक्टर बोललेलं अर्धं विसरतो. काही लागलं तर मला मेसेज करा, मी मडगावात आहे पण बांबोळीला यायला मला वेळ लागत नाही.

पेडणेकर

@मयेची_लेक, मामा म्हणतो त्यांना माझा नंबर दे. दुर्बिणीच्या वेळी काय होतं ते तो बाबांना स्वतः सांगेल, घाबरायचं काही नाही म्हणतो. नंबर मेसेजमध्ये पाठवलाय.

म्हापशाची_सून

एक उरलेला प्रश्न. समजा बाहेर मुंबईला वगैरे दुसरं मत घ्यायचं झालं, तर सगळं पहिल्यापासून पुन्हा करतात का? परत सुई?

काचपट्टी

बहुतेक वेळा गरज पडत नाही. रंगवलेल्या काचा आणि मेणाचे ठोकळे लॅबमध्ये जपून ठेवलेले असतात. डॉक्टरांचं पत्र घेऊन लेखी अर्ज केला की लॅब ते देते. मुंबईचा पॅथॉलॉजिस्ट त्याच काचा स्वतः बघतो, ठोकळ्यातून नवे काप काढून हव्या त्या तपासण्या करतो. काचा नेताना प्लास्टिकच्या स्लाइड-बॉक्समधून न्या, रुमालात गुंडाळून नको. प्रत्येक काचेवरचा क्रमांक रिपोर्टाशी जुळतो का ते तिथेच खिडकीपाशी उभं राहून तपासा. ठोकळा उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नका, मेण मऊ होतं. आणि काम झालं की परत आणून द्या. पुढे नवं औषध आलं तर त्याच ठोकळ्याची पुन्हा गरज लागते.